परिचर्या-सहायकांची परिभाषा : शब्दांच्या दिशेचा प्रश्न

१. प्रस्तावना

रुग्णालयात रुग्णाच्या सर्वाधिक सहवासात कोण असते, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर डॉक्टर असे येत नाही. पुष्कळदा ते परिचारिका असेही येत नाही. रुग्णाला कुशीवर वळविणे, त्याचे अंग पुसणे, त्याला भरविणे, बेडपॅन देणे, लघवी मोजणे, चादर बदलणे ही कामे जी व्यक्ती करते ती परिचर्या-सहायक होय. रुग्णाची तक्रार अनेकदा प्रथम तिच्याच कानी पडते आणि त्याच्या अंगावरील बदल प्रथम तिच्याच दृष्टीस पडतो. तिने काय ऐकले, काय पाहिले आणि ते परिचारिकेला कोणत्या शब्दांत सांगितले, यावर पुढील उपचार काही अंशी अवलंबून असतात. म्हणूनच या सहायकांना प्रशिक्षणकाळात कोणते शब्द शिकवावेत, हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही, तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही होतो.

प्रस्तुत लेखात परिचर्या-सहायकांसाठी ‘आवश्यक’ मानल्या जाणाऱ्या परिभाषेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘इंग्रजी की मराठी’ आणि ‘संस्कृतप्रचुर की सुबोध’ या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. हे प्रश्न अप्रस्तुत नाहीत. तथापि सहायकाच्या संदर्भात तिसरा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. तो असा की, शब्दाचा प्रवास कोणत्या दिशेने होतो? वैद्यकाकडून सामान्य माणसाकडे, की सामान्य माणसाकडून वैद्यकाकडे? उपलब्ध शब्दावल्या बहुतांशी पहिल्या दिशेने जातात. सहायकाचे काम मात्र मुख्यतः दुसऱ्या दिशेचे आहे. या विसंगतीमुळे परिभाषा शिकूनही सहायक मुका राहतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. कोशरचनेच्या दोन दिशा

मराठी कोशवाङ्मयाच्या आरंभीच या दोन्ही दिशा दिसतात. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली निघाली. हा कोश मराठी बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दापासून निघतो आणि परक्या वाचकापर्यंत त्याचा अर्थ नेतो. याउलट १८४७ साली प्रसिद्ध झालेला कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश इंग्रजी शब्दापासून निघून मराठी प्रतिशब्दाचा शोध घेतो. दोन्ही कोशांची आवश्यकता होती आणि दोहोंचे ऋण मराठीवर आहे; परंतु त्यांचे प्रयोजन भिन्न होते, हे विसरता कामा नये.

स्वातंत्र्योत्तर काळातील परिभाषानिर्मिती ही प्रामुख्याने कँडी यांच्या वाटेने झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले; केंद्रीय पातळीवर वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना १९६१ साली झाली. राज्यकारभार व उच्च शिक्षण भारतीय भाषांतून व्हावे हा त्यांमागील हेतू होता. त्यामुळे इंग्रजी संज्ञा डावीकडे आणि तिचा मराठी पर्याय उजवीकडे, ही मांडणी स्वाभाविक होती. ज्याला इंग्रजी ग्रंथ वाचून मराठीतून अध्यापन वा लेखन करावयाचे आहे, अशा प्राध्यापकाला वा अनुवादकाला ती उपयुक्त ठरली. आज आपण ‘बाह्यरुग्ण विभाग’, ‘रक्तदाब’, ‘शस्त्रक्रिया’, ‘अतिदक्षता विभाग’ हे शब्द विनासायास वापरतो, यावरून नव्याने घडविलेले शब्दही समाजात रुजू शकतात हे सिद्ध होते. परिभाषानिर्मितीची सरसकट थट्टा करणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती लक्षात घ्यावयास हवी.

मात्र सहायकाच्या हाती इंग्रजी ग्रंथ नसतो. त्याच्यासमोर एक माणूस असतो आणि तो माणूस मराठीत, तेही आपापल्या गावच्या मराठीत, काही सांगत असतो. डावीकडे इंग्रजी शब्द असलेली यादी त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण जो शब्द त्याने ऐकला आहे तो त्या यादीत शोधण्याची सोयच नसते.

३. पदनामांचा प्रश्न

परिभाषेच्या चिकित्सेची सुरुवात सहायकाच्या स्वतःच्या नावापासून करणे उचित होईल. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत परिचर्या क्षेत्रासाठी दीर्घकाळ एक पद्धतशीर पदनाममाला वापरात आहे. अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका ही त्यांतील काही नावे होत. केंद्र शासनाने २०१६ साली ‘स्टाफ नर्स’ या पदनामाऐवजी ‘नर्सिंग ऑफिसर’ हे पदनाम स्वीकारले. नाव बदलल्याने कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, ही जाणीव त्यामागे होती.

या शिडीच्या तळाशी मात्र नावांची अशी निश्चिती दिसत नाही. कक्षसेवक, आया, वॉर्डबॉय, अटेंडंट, केअरटेकर असे अनेक शब्द एकाच वेळी चालतात. राष्ट्रीय कौशल्य विकासाच्या चौकटीत ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ हे पदनाम आले. कोविडच्या साथीत, १८ जून २०२१ रोजी, आघाडीवरील कामगारांसाठी जो अल्पकालीन प्रशिक्षणक्रम केंद्र शासनाने सुरू केला त्यातील सहा भूमिकांमध्ये गृह-परिचर्या साहाय्य व मूलभूत परिचर्या साहाय्य यांचा समावेश होता. परंतु प्रत्यक्ष वॉर्डात ही नावे ऐकू येत नाहीत. तेथे परिचारिका ‘सिस्टर’ असते आणि सहायक ‘मावशी’ किंवा ‘मामा’ असतो.

‘मावशी’ या संबोधनात जिव्हाळा आहे, हे नाकारता येणार नाही. वेदनेने व्याकूळ झालेल्या रुग्णाला ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ला हाक मारता येत नाही, ‘मावशी’ला मारता येते. तथापि नात्याचे नाव हे व्यवसायाच्या नावाला पर्याय होऊ शकत नाही. मावशीने सांगितलेली गोष्ट ही ‘सांगितलेली गोष्ट’ राहते, सहायकाने केलेले निरीक्षण ही ‘नोंद’ होते. संबोधन ‘मावशी’ असावे आणि नोंदवहीत मात्र सहायक म्हणून तिचे नाव व वेळ यावी, एवढा भेद प्रशिक्षणात स्पष्ट केला तरी पुष्कळ साधेल. परिभाषेतील पहिला आवश्यक शब्द म्हणजे सहायकाचे स्वतःचे पदनाम होय.

४. घडविलेल्या शब्दांची मर्यादा : ‘शय्याव्रण’

संस्कृतप्रचुर पर्याय अवघड असतात, हा आक्षेप जुना आहे आणि तो नेहमीच खरा असतो असे नाही. अवघड शब्द सवयीने सोपा होतो. अधिक गंभीर आक्षेप असा की, काही शब्द सहायकाची नजर चुकीच्या ठिकाणी वळवितात. ‘शय्याव्रण’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडापाशी, खुब्यावर, टाचांवर, घोट्यांवर, खवाट्यांवर सतत दाब पडून तेथील रक्तपुरवठा मंदावतो व त्वचा आणि तिच्याखालील ऊती निकामी होऊ लागतात. या विकाराची पहिली पायरी म्हणजे जखम नव्हे. त्वचा अखंड असते; फक्त त्या जागी लाली येते आणि बोटाने दाबून सोडले तरी ती जात नाही. गडद वर्णाच्या त्वचेवर ही लाली दिसेलच असे नाही. तेथे भोवतालच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम किंवा गार, कडक किंवा पिचपिचीत लागते का, हे हाताने पाहावे लागते. रुग्ण वाचविण्याची खरी संधी याच पायरीवर असते.

‘व्रण’ हा शब्द शिकलेला सहायक मात्र व्रण शोधतो. तो सापडला नाही की ‘काही नाही’ असे सांगतो. इंग्रजीतही हीच अडचण होती. अमेरिकेतील नॅशनल प्रेशर अल्सर ॲडव्हायझरी पॅनेल या मंडळाने २०१६ साली ‘अल्सर’ हा शब्द वगळून ‘इंजरी’ हा शब्द स्वीकारला. पहिल्या पायरीत त्वचा फाटलेलीच नसते, मग तिला व्रण कसे म्हणावे, हा विचार त्यामागे होता. मूळ भाषेत शब्द दुरुस्त झाला. आपल्याकडे त्याच्या जुन्या रूपाचा अनुवाद चालूच राहिला. ‘दाबाची इजा’ हा साधा शब्द येथे अधिक शास्त्रीय आहे. त्यात कारण आहे, त्यात अवस्थेचा पूर्वग्रह नाही आणि दाब हलका करणे हा उपायही त्यातच सूचित होतो. सुबोध शब्द शास्त्रीयतेत उणा असतो हा समज या उदाहरणाने दूर व्हावा.

५. रूढ इंग्रजी शब्दांची मर्यादा

संस्कृतप्रचुर पर्याय टाळावयाचे तर रूढ इंग्रजी शब्दच ठेवावेत, असा व्यवहारी सल्ला दिला जातो. बेडपॅन, कॅथेटर, ड्रेसिंग, किडनी ट्रे, स्पंजिंग या शब्दांच्या बाबतीत तो योग्यच आहे. वस्तू आली, तिच्यासोबत नाव आले आणि दोन्ही मराठीत मुरले. परंतु मराठीत मुरताना काही शब्दांचा अर्थ बदलला आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

‘सलाइन लावले’ या मराठी वाक्याचा अर्थ शिरेतून कोणताही द्रव दिला जात आहे एवढाच होतो. बाटलीत मिठाचे ०.९ टक्के द्रावण असो, ५ टक्के डेक्स्ट्रोज असो वा रिंगर लॅक्टेट असो, बोली मराठीत ते सर्व ‘सलाइन’च. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हा भेद क्षुल्लक नाही. ‘सलाइन संपले’ असे सांगणाऱ्या सहायकाने बाटलीवरील नाव वाचून सांगणे, हा परिभाषेच्या शिक्षणाचाच भाग आहे.

‘बीपी’ आणि ‘शुगर’ या शब्दांचे अर्थांतर याहून लक्षणीय आहे. मूळ इंग्रजीत ही मोजमापांची नावे आहेत. मराठीत ती रोगांची नावे झाली आहेत. ‘त्यांना बीपी आहे’, ‘तिला शुगर आहे’ या वाक्यांचा अर्थ कोणाही मराठी माणसाला कळतो. पण त्यामुळे ‘बीपी नाही’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. एक, रुग्णाला उच्च रक्तदाबाचा विकार नाही. दोन, यंत्रावर रक्तदाब मिळतच नाही. पहिला अर्थ समाधानाचा आहे. दुसरा तातडीच्या संकटाचा आहे. नातेवाइकाशी बोलताना पहिला अर्थ आणि परिचारिकेला निरोप देताना दुसरा अर्थ अशी ही दुहेरी योजना धोक्याची आहे. सहायकाने मोजमाप सांगताना नेहमी आकडा सांगावा आणि आकडा न मिळाल्यास ‘मिळत नाही’ असे स्पष्ट म्हणावे, हा नियम पाठ करून घ्यावयास हवा.

तात्पर्य, शब्द संस्कृतातून आला की इंग्रजीतून, यावर त्याची योग्यता ठरत नाही. वॉर्डात तो कोणत्या अर्थाने उच्चारला जातो आणि कोणत्या अर्थाने ऐकला जातो, यावर ती ठरते.

६. रुग्णाची मराठी : दुर्लक्षित परिभाषा

मराठी बोलीत शरीराच्या तक्रारींसाठी जे शब्द आहेत त्यांना आपण ‘अशास्त्रीय’ मानून बाजूस सारतो. प्रत्यक्षात त्यांतील अनेक शब्द वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाचे भेद नेमके दाखवितात. काही उदाहरणे पाहू.

‘चक्कर’ हा सर्वसाधारण शब्द झाला. पण ‘गरगरते’ आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ या दोन भिन्न तक्रारी आहेत. पहिलीत भोवतालच्या वस्तू फिरत असल्याचा भास असतो व तिचा संबंध बहुधा अंतर्कर्णातील तोल राखणाऱ्या यंत्रणेशी असतो. दुसरीत मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडतो. झोपलेला रुग्ण एकदम उठला असता असे होऊ शकते. दुसरी तक्रार ऐकताच रुग्णाला टेकवून वा आडवे करून पडण्यापासून वाचवावयाचे असते. आपल्याकडील केस-पेपरांवर या दोन्ही तक्रारी ‘गिडीनेस’ या एकाच इंग्रजी शब्दात कोंबल्या जातात. म्हणजे मराठी रुग्णाने केलेला भेद नोंदीत नष्ट होतो.

‘खोकला’ आणि ‘ठसका’ यांचेही तसेच आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णाला पाणी पाजताना ‘ठसका लागला’ हे वाक्य म्हणजे घास वा घोट श्वासमार्गाकडे जात असल्याची सूचना होय. अशा वेळी भरविणे थांबवून परिचारिकेला कळविणे आवश्यक असते, कारण श्वासमार्गात गेलेल्या अन्नामुळे न्यूमोनिया होऊ शकतो. ‘रुग्ण खोकतो’ एवढीच नोंद झाली तर ही सूचना हरवते.

लघवीसंबंधीच्या क्रियापदांत तर मराठीची सूक्ष्मता विशेष दिसून येते. ‘लघवी कमी झाली’ म्हणजे ती तयारच कमी होते; ‘लघवी तुंबली’ किंवा ‘अडली’ म्हणजे ती मूत्राशयात साठली आहे पण बाहेर येत नाही. ‘थेंब थेंब होते’ या तक्रारीत मूत्राशय रिकामे नसून काठोकाठ भरलेले असण्याची शक्यता असते. नोंदवहीतील ‘लघवी झाली नाही’ या वाक्यात पहिल्या दोन्ही शक्यता एकत्र मिसळतात आणि ‘लघवी होते’ या वाक्यात तिसरी शक्यता लपून जाते.

शुद्धीच्या पातळ्यांची गोष्ट याहून निर्णायक आहे. ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेली कोमा मोजण्याची श्रेणी आज जगभर वापरली जाते. तिच्यापेक्षा सोपी अशी चार पायऱ्यांची पद्धतही प्रचारात आहे. ती चार पायऱ्यांची पद्धत मराठीत सहज सांगता येते : जागा आहे, हाक मारली की ओ देतो, वेदना झाली तरच हालचाल करतो, कशालाच दाद देत नाही. ‘ओ देणे’ आणि ‘दाद देणे’ हे शब्दप्रयोग कोणत्याही खेड्यातील मुलीला शिकवावे लागत नाहीत. पण तिला जर एवढेच सांगितले की ‘अर्धशुद्धी’ व ‘मूर्च्छा’ हे शब्द पाठ कर, तर ती रात्री तीन वाजता रुग्ण ‘झोपला आहे’ असे सांगेल. झोप आणि ग्लानी यांतील फरक न कळल्याने होणारी हानी पुन्हा भरून काढता येत नाही.

बोलीतील साध्या शब्दांवर शास्त्रीय निरीक्षण उभारता येते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. नवजात बालकाचे रडणे मंदावले काय, दूध ओढणे कमी झाले काय, हातपाय लुळे पडले काय, अंग गार लागते काय, अशा खुणांवरून त्या जंतुदोष ओळखू लागल्या. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ साली आशा स्वयंसेविकांमार्फत गृहाधारित नवजात बालसेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. हे यश अर्थातच केवळ शब्दांचे नव्हे. औषधोपचार, देखरेख व नियमित गृहभेटी यांचा त्यात वाटा आहे. परंतु निरीक्षणाची भाषा निरीक्षकाची स्वतःची होती, हे त्यातील एक महत्त्वाचे अंग होते.

७. लज्जा, आदर आणि स्पष्टता

परिचर्येतील अर्धी परिभाषा ही शरीरधर्मांची आहे आणि शरीरधर्मांविषयी प्रत्येक समाजात संकोच असतो. ‘मलविसर्जन’ हा शब्द कागदावर शोभतो. परंतु वृद्ध रुग्णाच्या कानाशी वाकून ‘आजोबा, मलविसर्जन झाले का?’ असे कोणी विचारीत नाही. ‘आजोबा, संडासला झाली का?’ किंवा ‘परसाकडे जायचंय का?’ असेच विचारले जाते. तेव्हा प्रत्येक संज्ञेची किमान दोन रूपे सहायकाला ठाऊक असावीत, एक रुग्णाशी बोलण्याचे व एक नोंदीचे. या दोहोंपैकी कोणतेही हलके नाही.

संकोचामुळे शब्द संदिग्ध होतो तेव्हा सहायकाची जबाबदारी वाढते. ‘अंगावरून जाते’ असे एखादी स्त्री सांगते तेव्हा ते पांढरे जाते की रक्त जाते, हे त्या वाक्यात येईलच असे नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवशी हा प्रश्न पुन्हा न विचारणे घातक ठरू शकते. म्हणून शब्दाइतकाच त्यापुढील प्रश्न शिकवावा : काय जाते, किती घड्या भिजल्या, गाठी आहेत का? तसेच ‘काळी शी झाली’ हे ऐकल्यावर ती डांबरासारखी चिकट आहे का व रुग्ण लोहाच्या गोळ्या घेत आहे का, हे विचारावे. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते. डांबरासारखी शी मात्र पोटातील रक्तस्रावाची खूण असू शकते.

येथे आयात केलेल्या याद्यांचीही मर्यादा नोंदवावी लागते. दैनंदिन व्यवहारक्षमता मोजण्यासाठी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडलेल्या श्रेणीत स्नान, वस्त्रधारण, शौच, स्थलांतर, मलमूत्रनियंत्रण व भोजन हे सहा घटक आहेत. ते सार्वत्रिक खरेच. पण आपल्याकडील रुग्ण उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, जमिनीवरून हात टेकून उठतो. खुब्याचे सांधारोपण झालेल्या रुग्णाला यांपैकी बऱ्याच गोष्टी वर्ज्य असतात. इंग्रजी यादीचा शब्दशः अनुवाद केला तर ‘उकिडवे बसू नका’ ही सर्वांत आवश्यक सूचनाच तीत सापडणार नाही. उलट उताणे, पालथे, कुशीवर, टेकून ही रुग्णाच्या स्थितींची मराठी नावे इतकी नेमकी आहेत की तेथे परभाषेची गरजच भासत नाही.

८. आकडे आणि संक्षेप

परिभाषेत शब्दांबरोबर आकडे व संक्षेपही येतात. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली ‘वापरू नयेत’ अशा संक्षेपांची यादी जाहीर केली. मात्रेच्या एककासाठी केवळ ‘यू’ हे अक्षर लिहिल्यास ते शून्य म्हणून वाचले जाते. पूर्णांकापुढे दशांशचिन्ह देऊन शून्य लिहिल्यास मात्रा दहापट वाचली जाण्याचा धोका असतो. संक्षेप वेळ वाचवितो आणि कधी कधी जीवावर बेततो, हा त्यातील बोध आहे.

मराठी सहायकाच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. देवनागरी चारचा आकार इंग्रजी आठच्या जवळ जातो आणि देवनागरी एकचा आकार इंग्रजी नऊची आठवण करून देतो. ज्याने शाळेत देवनागरी अंक गिरविले त्याने इंग्रजी तक्त्यावर घाईने अंक लिहिल्यास चूक संभवते. तोंडी निरोपातही ‘एकोणसत्तर’ व ‘एकोणऐंशी’ यांत घोटाळा होतो. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात संख्यावाचनाची पर्यायी पद्धत दिल्यावरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी जोडनावे ऐकण्यास कठीण आहेत ही गोष्ट खरीच. नाडी, श्वसन, तापमान व रक्तदाब यांचे आकडे एकाच प्रकारच्या अंकांत लिहावेत आणि तोंडी सांगताना एकेक अंक सुटा करून पुन्हा उच्चारावा, ही शिस्त परिभाषेच्याच पाठात हवी.

९. एक आक्षेप व त्याचा विचार

या प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल की, रुग्णालयातील नोंदी इंग्रजीत असतात, डॉक्टर इंग्रजीत लिहितात, आणि सहायकाला उद्या परराज्यात वा परदेशात काम करावयाचे झाल्यास मराठी शब्द उपयोगी पडणार नाहीत. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यान्वये परिचर्या-सहायकासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले गेले आणि तेथील शब्दावली इंग्रजीच आहे. मराठीचा आग्रह धरून आपण गरीब घरातील मुलामुलींची वाट अडवीत तर नाही ना?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातील वस्तुस्थिती मान्य करावयास हवी. सहायकाला इंग्रजी नोंद वाचता आली पाहिजे; ‘एन.बी.एम.’ म्हणजे तोंडावाटे काहीही द्यावयाचे नाही, हे न कळल्यास शस्त्रक्रियेपूर्वी चहा पाजला जाईल. प्रश्न इंग्रजी शिकवावे की नाही हा नसून इंग्रजी कशाला जोडून शिकवावे हा आहे. जी मुलगी ‘अंधारी’ आणि ‘गरगरणे’ यांतील भेद जाणते तिला त्या दोहोंसाठीचे इंग्रजी शब्द एका दिवसात शिकविता येतात. परंतु जिला केवळ ‘गिडीनेस’ हा शब्द दिला तिच्याकडून तिच्या भाषेतील भेदही आपण काढून घेतो. शिवाय मुंबईसारख्या शहरात हिंदी, गुजराती, कोकणी बोलणारे रुग्णही असतात. ज्याला आपल्या भाषेतील तक्रार नेमकी ऐकण्याची सवय लागली आहे, तोच परभाषिकाला योग्य प्रतिप्रश्न विचारू शकतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) परिचर्या-सहायकांच्या शब्दावलीची सुरुवात रुग्णाच्या शब्दापासून व्हावी. तिचे चार स्तंभ असावेत : रुग्ण काय म्हणतो, सहायकाने त्यावर काय पाहावे व विचारावे, परिचारिकेला काय सांगावे, नोंदीत कोणती संज्ञा येते.

(२) शब्दाची निवड त्याच्या मूळ भाषेवरून न करता, त्यामुळे चूक होण्याचा संभव किती, या कसोटीवर करावी. या कसोटीवर ‘कॅथेटर’ टिकतो, ‘रक्तदाब’ टिकतो, ‘शय्याव्रण’ व नुसते ‘सलाइन’ टिकत नाहीत.

(३) प्रदेशपरत्वे बदलणारे शब्द गोळा करण्याचे काम महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी जवळच्या परिचर्या प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने करावे. भाषेचा प्राध्यापक व परिचर्येचा शिक्षक यांनी एकत्र बसून करावयाचे हे काम आहे. दोघांपैकी एकट्याने ते होणार नाही.

परिभाषा म्हणजे अज्ञ माणसाला ज्ञानाच्या पातळीवर आणण्याचे साधन, अशी आपली समजूत आहे. सहायकाच्या बाबतीत ती अपुरी पडते. तिच्याजवळ रुग्णाचे शब्द आधीच असतात. उणीव असते ती त्या शब्दांना नोंदवहीत जागा मिळण्याची. रात्रपाळीतील मावशी जेव्हा ‘सिस्टर, पेशंट हाकेला ओ देत नाही’ असे सांगते, तेव्हा ते वाक्य तिच्या नावानिशी व वेळेनिशी लिहून घेतले गेले पाहिजे. परिभाषेचे शिक्षण सफल झाले की नाही, याची परीक्षा त्या क्षणी होते.